बावन्न मिनिटं

टीव्हीच्या काचेवर डकवलेली कागदाची पट्टी एका कडेने सुटली आणि मैनाचं वाक्य मधेच अडकलं. फार नाही, नळाला पाणी येता येता मधे हवा यावी तेवढंच. खोपोलीच्या त्या सभागृहात खुर्च्यांवर आणि सतरंजीवर मिळून दीड-दोनशे माणसं होती, त्यांतल्या कुणाला कळलंही नसेल. टीव्ही भाड्याचा, व्हिडिओ भाड्याचा, दोन्ही सकाळपासून चालू. काच तापून तव्यासारखी झालेली, डिंक तो किती धरणार. पट्टी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने लावली होती. “पेशंटचं नाव दिसायला नको,” असं म्हणाल्या होत्या, आणि मैनाला तो सभ्यपणा इतका आवडला होता की मोठेपणी आपणही असंच कुणाचं तरी नाव झाकायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं होतं. आता पट्टीचं टोक गोगलगाईच्या शिंगासारखं वर वळलं होतं आणि त्याच्याखाली पांढरी इंग्रजी अक्षरं उघडी पडली होती. जया वि. पुढचं अजून कागदाखाली. उजव्या कोपऱ्यात तारीख: वीस, एक, सत्त्याऐंशी. तिच्याखाली घड्याळ: अकरा बावन्न. ही तारीख आणि हे घड्याळ मैनाने सकाळपासून चार वेळा पाहिलं होतं. सरावाच्या वेळी तर छडीच्या टोकाने त्याला स्पर्शही केला होता. तेव्हा ते नुसते आकडे होते, दुसऱ्याच्या घरच्या कॅलेंडरावरच्या खुणांसारखे.

“मैनाबाय, टेप थांबवू काय?” व्हिडिओवाला नामा खालून पुटपुटला. त्याचा अंगठा बटनावर होता. मैनाने मान हलवली, पण हो म्हणून की नको म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिसऱ्या रांगेत आय बसली होती. लेकीचं भाषण ऐकायला ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती, सणाचं लुगडं नेसून, पायातल्या चपला चोरीला जातील म्हणून पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर घेऊन. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मराठीही सहीपुरतीच. मैनाला आधी एवढंच वाटलं की बरं झालं. मग असं वाटल्याची लाज वाटली. मग लाजेलाही वेळ नव्हता, कारण सगळी माणसं छडीच्या टोकाकडे बघत होती आणि छडी तिच्या हातात होती.

किती छान चाललं होतं. हृदयाच्या तपासणीचं शिबिर, मुंबईहून आलेल्या डॉक्टरीणबाई, त्यांची मराठी अर्धी इंग्रजीत भिजलेली. कडाव, पोशीरच्या माणसांना ती कशी कळायची, म्हणून विज्ञानाच्या बाईंनी दहावीतली मैना पुढे केली होती. जिल्ह्याच्या वक्तृत्वस्पर्धेत दुसरी आलेली मैना. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही ओढणीचं टोक चावत बसणारी हीच का ती, असं बाई सगळ्यांना विचारत, आणि मैनाला ते विचारणं वेलदोड्यासारखं जिभेवर ठेवावंसं वाटे. तिला शब्द सापडले होते. कर्णिका, जवनिका, महाधमनी, झडप. हे शब्द उच्चारताना आपल्या तोंडात कुणीतरी नवे दात बसवलेत असं तिला वाटायचं. आजही ती छडी घेऊन सरळ पुढे जाऊन उभी राहिली. टीव्हीवर करडं, भुरभुरतं काहीतरी उसळत होतं. “हे तर मुंग्या मुंग्या दिसतात, कार्यक्रम संपल्यावर येतात ते हाय,” असं नामानेच सकाळी म्हटलं होतं, आणि आता मागच्या भिंतीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने आवाज दिला, “माज्या काळजात तर माजी बायको दिसाया पायजे व्हती.” सगळी हसली. मैनाही हसली आणि त्याच हसण्यावर स्वार होऊन तिने सुरुवात केली. विहिरीत हाक मारली की हाक परत येते ना, काका? पाणी किती खोल ते त्यावरून कळतं ना? तसंच हे यंत्र. याची हाक आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण ती हृदयावर आपटून परत येते आणि तिचं चित्र होतं. छाती उघडलेली असताना डॉक्टरांनी हे यंत्र उकळून धुतलेल्या रबरी हातमोज्यात घातलं आणि थेट हृदयावर टेकवलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणीतरी म्हणालं, आई गं. आता बघा, वीजघरातनं सुटलेलं पाणी पाटाने येतं, पाटाने खाचरात जातं. झडप म्हणजे पाटाचं दार. दार गंजलं की पाणी उलटं फिरतं. मग नवं दार बसवायचं, धातूचं. पण पाटाच्या त्या दाराला लागूनच आणखी एक बारका पाट वळसा घालून मागच्या खाचराला जातो. तो हृदयाचा स्वतःचा पाट. दार पक्कं करताना चुकून त्याच्यावर दगड बसला, तर मागचं खाचर कोरडं. “आणि कोरडं खाचर कसं ओळखायचं? ते हलत नाही. ही बघा समोरची भिंत, कशी आत येते, बाहेर जाते. आणि ही बघा मागची. ही हलत नाही. झडप बसवताना एक टाका त्या—” इथे पट्टी सुटली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या वीस तारखेला ती शाळेत होती. मंगळवार होता, संक्रांत होऊन आठवडा झाला होता. घटक चाचणीचा पेपर होता म्हणून थोरल्या बहिणीच्या, जयाच्या, म्हणजे तायच्या ऑपरेशनला आयने तिला मुंबईला नेलं नव्हतं आणि मैना दोन दिवस फुरंगटून बसली होती. कारण ऑपरेशन तिनेच घडवून आणलं होतं, असं तिला वाटत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. ताय पोशीरहून परत आली तेव्हा तिला चार पावलं चालली की धाप लागायची. सासरी भाताचे भारे वाहताना तिच्या तोंडाला रक्त आलं होतं. सासरच्यांनी बैलगाडीत घालून आणून सोडली आणि “बरी झाली की धाडा” म्हणून चहाही न घेता निघून गेली. बाबा खोपोलीच्या कारखान्यात कायम होता, उपचार कामगारांच्या योजनेतून व्हायचे होते, फक्त कागदावर सही हवी होती आणि बाबाचा हात उचलत नव्हता. छाती फाडणार म्हणजे काय, असं तो पुन्हा पुन्हा विचारायचा. तेव्हा मैना उठून उभी राहिली होती. ओटीवर, कंदिलासमोर, पहिल्यांदा. तिने वहीत हृदय काढून दाखवलं होतं, लाल आणि निळ्या पेन्सिलीने, आणि न अडखळता पाच मिनिटं बोलली होती. बोलणं संपलं तेव्हा बाबाने सही केली होती. शब्दांनी माणसं हलतात हे तिला त्या दिवशी कळलं, आणि मग ती थांबलीच नाही.

ताय वाचली. महिन्याने घरी आली. तिच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची; नवी झडप धातूची होती. घर शांत असलं की ती टिकटिक मनगटी घड्याळासारखी ओटीवर फिरायची. पण ताय चालायला लागली तरी पायऱ्या चढेना. पाण्याची कळशी उचलेना. आधी धाप लागायची, आता धाप लागायच्या आधीच ती बसायची. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी बाबाला बोलावून सांगितलं होतं: “झडप उत्तम बसली आहे. पण हृदय आधीच थकलेलं होतं. तुम्ही उशीर केलात.” बाबाने हे वाक्य मुंबईहून कडावपर्यंत जसंच्या तसं आणलं, दह्याचं मडकं आणावं तसं, न हिंदकळवता, आणि ओटीवर आणून ठेवलं. मग त्याने आयकडे बघितलं. तायने बघितलं. मैनाने तर बघितलंच. कारण उशीर कुणी केला हे सगळ्यांना माहीत होतं. ताय नऊ वर्षांची असताना तिचे सांधे सुजले होते, ताप उतरत नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन आठवड्यांनी एक सुई, मोठी होईपर्यंत, एकही चुकवायची नाही. आयने नेलंही. शिमग्यापर्यंत नेलं, उन्हाळ्यात नेलं. पण लावणी लागली की कोण कुणाला नेणार? चिखल गुडघाभर, रोपं उपटून बांधावर पडलेली, सगळ्या वाडीचे हात एकमेकांच्या शेतात अडकलेले; आज तू माझ्याकडे आली नाहीस तर उद्या मी तुझ्याकडे येणार नाही, असा तो हिशेब. सुई दसऱ्यानंतर पुन्हा चालू व्हायची. दर वर्षी अशा चार सुया लावणीच्या चिखलात जायच्या. पोर धडधाकट दिसायची, हसायची, रोपांच्या मुठी भराभर फेकायची. मग एका वर्षी दसऱ्यानंतरही कुणाला आठवण झाली नाही.

तेव्हापासून ताय रक्त पातळ ठेवायची रोजची गोळी आयच्या हातून घेत नाही. भांडण नाही, तंटा नाही. जेवण घेते, पाणी घेते, केस विंचरून घेते. गोळी मात्र मैनाच्या हातून. आयने एकदोनदा पुढे केली, तायने “ठेव थितं” म्हटलं, आयने ठेवली. आणि गेल्या श्रावणात मैनाने ते वाक्य म्हटलं होतं. स्पर्धेला अलिबागला जायचं होतं, आय नको म्हणत होती, तायला कोण बघेल म्हणत होती. मैना म्हणाली, “तू चार रोपांपायी तायचं काळीज घालवलंस, आता माझं डोकं घालवू नकोस.” वाक्य इतकं नेटकं झालं होतं की म्हणून झाल्यावर तिला क्षणभर बरंच वाटलं होतं. काळीज आणि डोकं, दोन्ही पारडी सारखी. आय तांदूळ निवडत होती. तिने एक खडा वेचला, उंबऱ्याबाहेर टाकला, दुसरा शोधायला लागली. मैना अलिबागला गेली आणि दुसरी आली.

“येस, कॅरी ऑन,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं मुलगी घाबरली. त्या स्वतःच पुढे झाल्या आणि त्यांच्या त्या भिजलेल्या मराठीत सांगू लागल्या, वाक्यामागून वाक्य, मैनाने उचलावं म्हणून थांबत थांबत. ही भिंत हलत नव्हती हे आम्हाला अकरा बावन्नला दिसलं. आम्ही सर्जनना सांगितलं. ते म्हणाले, हृदय इतका वेळ बंद ठेवलेलं असतं, चालू केल्यावर थोडं सुस्त राहतंच, वेट करू. छाती शिवायला घेतली. टेप पुढे सरकली, करडी मुंगी मुंगी उसळली, घड्याळ बारा चव्वेचाळीस. ब्लड प्रेशर कोसळलं. पुन्हा प्रोब, ते हातमोज्यातलं यंत्र, हृदयावर ठेवला. भिंत तशीच. मग पुन्हा सगळं उघडून, पुन्हा हार्ट-लंग मशीनवर घेऊन हृदयाची रक्तवाहिनी आवळणारा तो टाका कापला. “बावन्न मिनिटं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तेवढ्यात काही मसल कायमचा गेला. पण लाइफ वाचलं, कारण पिक्चर होतं. आणि पिक्चरवर आधीच विश्वास ठेवला असता, तर मसलही वाचला असता. हा लेसन आहे.” आणि त्या मैनाकडे वळल्या, आता तू.

मैना तिसऱ्या रांगेकडे बघत होती. आय तिच्याकडे बघत नव्हती. टीव्हीकडे बघत होती, पिशवीवर दोन्ही हात ठेवून, पोथी ऐकताना बसते तशी. बावन्न मिनिटं. शाळेचा चाळीस मिनिटांचा एक तास आणि वर बारा मिनिटं. त्या दिवशी त्याच वेळी मैना भूमितीचं प्रमेय सोडवत होती. तिच्या डोक्यात सगळं लख्ख होतं. वाक्यं रांगेने उभी होती. ‘डॉक्टरांना दिसलं, पण ते थांबले.’ एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. तिने तोंड उघडलं, आणि समोर दीड-दोनशे माणसांचे चेहरे होते, मघाशी खाचराच्या गोष्टीवर मान डोलावणारे, आता मान डोलवायला पुन्हा तयार असलेले, शेवट गोड होणार याची खात्री असलेले. आणि तिच्या जिभेने तिला न विचारता शब्द उचलला. “डॉक्टरांना चित्रात दगड दिसला, आणि त्यांनी लगेच तो दगड काढला. खाचराला पुन्हा पाणी आलं. बाई वाचली.” लगेच. टाळ्या पडल्या. मागचा म्हातारा म्हणाला, “शाब्बास.” तो डॉक्टरांना म्हणाला की मैनाला, कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ‘लगेच’चा अर्थ कळत होता, तेवढी मराठी त्यांना येत होती. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला.

टाळ्यांत उभं राहणं किती सोपं असतं हे मैनाला ठाऊक होतं. आज तिला पहिल्यांदा असं वाटलं की आपल्या अंगावर कुणीतरी उष्टं पाणी ओततंय आणि आपण ओंजळ पुढे केली आहे. जिभेची इतके दिवस कौतुकं करून घेतली, तिला माणसांना काय आवडतं ते नेमकं कळायला लागलं. खरं काय ते कळायची तिला सवयच लागली नव्हती.

माणसं नाडी दाखवायच्या रांगेत गेली तेव्हा ती डॉक्टरीणबाईंपाशी गेली. पट्टी आता पूर्णच गळून खाली पडली होती, पण नामाने टीव्ही बंद केला होता. “मॅडम, ती जया विठू,” मैना म्हणाली. “माझी बहीण.” डॉक्टरीणबाईंच्या हातात खोक्यात घालायची टेप होती. त्यांनी ती खोक्यात घातली, बाहेर काढली, परत घातली. जवळून त्या फार मोठ्या नव्हत्या; तिशीच्या असतील. “आय डिडन्ट नो,” त्या म्हणाल्या. मग मराठीत: “मी सांगितलं होतं त्यांना. अकरा बावन्नला मीच सांगितलं. मी तेव्हा ज्युनियर होते.”

“मग आम्हाला का नाही सांगितलं?”

“केसपेपरवर लिहितात ते सर लिहितात.”

“उशीर केला, असं लिहिलंत.”

“उशीर झाला होता. ते खोटं नाही.” त्यांनी टेपवर हात ठेवला. “मी ही टेप सगळीकडे दाखवते, मेडिकल कॉलेजात, सगळीकडे. पुढच्या वेळी कुणी वेट करू नये म्हणून. बाकी माझ्या हातात काय आहे?” मग त्या म्हणाल्या, “तू ‘लगेच’ म्हणालीस.” आरोप नव्हता. उलट तिच्याकडून काहीतरी उसनं मिळालं असावं असा तो आवाज होता, आणि मैनाला तोच सगळ्यात लागला. “मंगळवारी आणाल ना तिला तपासायला? प्लीज, चुकवू नका,” त्या म्हणाल्या आणि नाडीच्या रांगेकडे गेल्या. मैनाला त्यांचा राग करायचा होता. राग धरायला त्यांना कुठे कड नव्हती.

खोपोलीहून कर्जत, कर्जतहून टेंपोने कडावचा फाटा. टेंपोत शेजारची जनाबाई भेटली आणि तिने वाटभर मैनाचं कौतुक केलं, “तुजी पोर काय बोलते गं सोनुबाय, जनू रेडिओच गिळलाय.” आय म्हणाली, “बापावर गेली नाय एवडं खरं. तो वरसातनं चार सबूद बोलतो.” जनाबाई हसली. मैना टेंपोच्या मागच्या दारातून मागे पळणारा डांबरी रस्ता बघत होती. जनाबाई मधेच उतरली. फाट्यावर दोघीच उतरल्या आणि पाटाच्या बांधाने चालायला लागल्या. ऊन कलतीला लागलं होतं. उन्हाळी भात वीतभर वाढलं होतं, हिरवंगार. आयने पिशवीतून चपला काढल्या नाहीत. बांधावर ती अनवाणीच चालते. मैना मागे होती. ती वाक्यं जुळवत होती. आये, तुला एक सांगायचंय. आये, आज जे दाखवलं ना. प्रत्येक वाक्य तोंडापर्यंत येऊन भाषणासारखं वाटत होतं आणि ती ते परत गिळत होती.

“मदी थांबलीस ती,” आय पुढून म्हणाली, मागे न बघता. “ती आपली जया व्हती ना?”

मैनाचा पाय बांधाच्या ओल्या कडेवर घसरला. “तुला कसं कळलं?”

“त्या दिशी दवाखान्यात बारा वाजून गेलं व्हतं. तुजा बा चहा आनाया गेलेला. आतली आया भायेर आली, म्हनली, जया विठूचं कोन हाय, अजून दोन बाटल्या रगत पायजे. मी म्हनलं, आताच तर निरोप आला, शिवाया घेतली म्हनून. ती म्हनली, परत उघडलीया.” आय चालतच होती. “आज ती बाय म्हनली, परत उघडली. शिवलेलं कापड मानूस परत कवा उसवतं गं? टाका चुकला मंजी.”

“म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं.”

“काय व्हतं ते म्हाईत नव्हतं. कायतरी व्हतं ते म्हाईत व्हतं.”

“मग बोलली का नाहीस? बाबा आला, त्याने सांगितलं उशीर केलात, आम्ही सगळी तुझ्याकडे—” मैनाचा आवाज चढला, तिला तो स्वतःलाच स्पर्धेतला वाटला आणि तिने तो खाली आणला. “मला तरी सांगायचंस.”

“तुला?” आय आता वळली. ती हसत होती, पण ते हसू तिच्या ओठांवर कोरडं बसलं होतं. “तुज्या तोंडात तीळ तरी भिजतो का? तू दुसऱ्या दिवशी शाळंत भाषान केलं असतंस.” मग तिने पदराने मान पुसली. “आन् सांगून काय करनार व्हती मी? दर म्हैन्याला त्याच दारात जातो आपन. रगत तीच बघतात, गोळी किती ती तीच ठरवतात. कमी झाली तर झडप बसंल, जास्ती झाली तर अंगात रगत सुटंल, हे तूच वाचून दावलंस ना? जयाचा इस्वास हाय त्या डाक्टरावर. त्यानं दिली म्हनून ती गोळी गिळते. तो इस्वास उडाला तर ती फेकून देईल, मी तिला वळखते. माज्यावरचा गेला तर काय बिघडतं. माज्या हातून ती कुठं गोळी घेते.”

पाटातून पाणी जात होतं, आवाज न करता. मैनाला वाटलं आपण आयच्या पायाशी बसावं, पण बांध अरुंद होता आणि असं बसणं फक्त पुस्तकात असतं. “आये,” ती म्हणाली, “श्रावणात मी तुला बोलले होते. तू तांदूळ निवडत होतीस.”

“तांदूळ मी रोजच निवडते.”

“ते नाही. मी बोलले ते—”

“आन् सुया चुकल्याच की, बाय,” आय म्हणाली. पुन्हा चालायला लागली होती. “टाक्याचं निराळं, सुयांचं निराळं. टाका डाक्टरानं चुकवला म्हनून सुया मी दिल्या व्हत्या असं थोडंच व्हतंय. तू ते दोन एकात बांधू नको. जयाला तर आजाबात सांगू नको. मंगळवार जवळ आला.”

म्हणजे माफीचीही वाट बंद. मैनाने विचार केला की एवढं सगळं आय इतकी वर्षं कुठे ठेवत होती. घरात तर एकच पेटी आहे आणि तिची किल्ली सगळ्यांना ठाऊक आहे. आपण वहीत लाल-निळं हृदय काढलं होतं, चार कप्प्यांचं, बाणांसकट, कुठून काय कुठे जातं ते सगळं दाखवणारं. सही घेतली होती त्यावर. आपण त्या दिवशी बोललो नसतो तर ऑपरेशनचं टेबलच नसतं, टाकाच नसता. आणि तायही नसती कदाचित. हाही हिशेब आयने कधीतरी मांडला असेल. नक्कीच मांडला असेल. आणि तोही ती बोलली नाही. मैनाला एकदम आयचा राग आला, असा कधी आला नव्हता तसा. कारण तिच्यापुढे आता काहीच नेटकं बोलता येणार नव्हतं.

ताय ओटीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून, वाल सोलत. दोघी अंगणात आल्या तेव्हा तिने सोलपटं बाजूला सारली आणि मैनाला शेजारी जागा केली. आय तशीच न्हाणीकडे गेली, पाय धुवायला. ओटीवर टिकटिक होती. “झालं भाषान?” ताय म्हणाली. “मला बोलून दाव ना. समदं नको, चांगलं चांगलं.” तिने मागितलेल्या गोष्टी फार थोड्या असत. मैना उभी राहिली नाही. बसल्या बसल्याच तिने सांगितलं, विहिरीतली हाक, पाटाचं दार, बारका पाट. म्हाताऱ्याचा विनोद सांगितला, ताय हसली, हसताना छातीवर हात ठेवला. मागचं खाचर कोरडं पडलं इथपर्यंत मैना आली आणि मग तिने भरभर सांगून टाकलं, दगड दिसला, दगड काढला. ‘लगेच’ हा शब्द तिने या वेळी जाणूनबुजून म्हटला. जड गेला, पण म्हटला.

“मग ती बाय वाचली?”

“वाचली.”

“आता कशी हाय?”

न्हाणीत तांब्याचा आवाज थांबला होता. “बरी आहे,” मैना म्हणाली.

तायने वालाची एक शेंग हातात घेतली, नखाने तिची शीर ओढली. ती मैनाकडे बघत नव्हती, न्हाणीकडेही बघत नव्हती. पण आवाज तिथपर्यंत पोचेल एवढा ठेवला. “तिच्या आयनं येळेवर आनली असंल तिला.”

आय ओल्या पायांनी अंगणात आली. पायरीवर उभी राहून तिने लुगड्याचा ओचा पिळला.

“व्हय गं,” ती म्हणाली. “आनली असंल.”

मैनाने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं, आणि वाल सोलायला घेतले.